आरक्षण साधन आणि संकेतस्थळाचा वेग

आरक्षण साधन (बोलीभाषेत 'बुकिंग विजेट') म्हणजे संकेतस्थळाच्या पानावर बसवला जाणारा असा भाग, ज्याच्या साहाय्याने अभ्यागताला निवासाची खोली, उपाहारगृहातील टेबल, वैद्यकीय भेटीची वेळ, सहलीतील जागा किंवा प्रवासाचे आसन ऑनलाइन राखून ठेवता येते. लहान व मध्यम व्यवसाय असे साधन बहुधा स्वतः तयार करत नाहीत. ते एखाद्या त्रयस्थ पुरवठादाराकडून घेतले जाते आणि दोन-चार ओळींच्या सांकेतिक मजकुराने पानात जोडले जाते. जोडणी सोपी असली, तरी त्या ओळींमागून जावास्क्रिप्ट, शैलीपत्रके, टंक, चित्रे आणि मागोवा घेणाऱ्या स्क्रिप्ट पानात येऊ शकतात. त्यामुळे पूर्वी झटपट उघडणारे संकेतस्थळ साधन बसवल्यानंतर मंदावल्याचा अनुभव सर्रास येतो.

या मंदपणाचे मूळ कारण एका विसंगतीत आहे. आरक्षण साधनाची गरज काही अभ्यागतांनाच आणि तीही एका ठरावीक क्षणी असते. सर्वसाधारण जोडणीत मात्र त्याचा भार प्रत्येक अभ्यागतावर, प्रत्येक पानावर आणि पान उघडताक्षणीच पडतो. वेग टिकवण्याचे बहुतेक उपाय ही विसंगती दूर करण्याचे, म्हणजे साधन मागितल्यावरच आणण्याचे, निरनिराळे मार्ग आहेत.

## पार्श्वभूमी

संगणकीय आरक्षणाचा इतिहास वर्ल्ड वाइड वेबपेक्षा जुना आहे. अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएम यांनी विकसित केलेली 'सेबर' ही विमान-आरक्षण प्रणाली १९६० च्या दशकात कार्यान्वित झाली. अशा प्रणाली प्रारंभी केवळ प्रशिक्षित कर्मचाऱ्यांसाठी होत्या. वेबच्या प्रसारानंतर ग्राहक स्वतःच आरक्षण करू लागला. उपाहारगृहांच्या आरक्षणासाठी 'ओपनटेबल' ही सेवा १९९८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे सुरू झाली. भारतात आयआरसीटीसीने ऑगस्ट २००२ मध्ये रेल्वे तिकिटांची ऑनलाइन विक्री सुरू केली, तर बसच्या तिकिटांसाठी 'रेडबस' ही सेवा २००६ मध्ये स्थापन झाली.

पहिल्या पिढीतील आरक्षण सेवा स्वतंत्र संकेतस्थळांच्या स्वरूपात होत्या. आरक्षणाचा भाग दुसऱ्याच्या संकेतस्थळात बसवणे दोन तंत्रांमुळे शक्य झाले. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत जावास्क्रिप्ट ही भाषा तयार केली. एका पानात दुसरे पान चौकटीसारखे दाखवणारा 'आयफ्रेम' हा घटक मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररमधून पुढे आला आणि १९९७ च्या एचटीएमएल ४.० या मानकात समाविष्ट झाला. आजची बहुतेक आरक्षण साधने या दोहोंपैकी एका किंवा दोन्ही तंत्रांवर आधारलेली आहेत.

त्रयस्थ स्क्रिप्टचा वापर आता जवळजवळ सार्वत्रिक आहे. 'एचटीटीपी आर्काइव्ह' या प्रकल्पाच्या 'वेब अल्मनॅक' या वार्षिक अहवालांनुसार, तपासलेल्या पानांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पानांवर किमान एक तरी त्रयस्थ घटक आढळतो.

## जोडणीचे प्रकार

आरक्षण साधन संकेतस्थळाला जोडण्याच्या पाच प्रमुख पद्धती आहेत. त्यांचा वेगावरील परिणाम वेगवेगळा असतो.

* साधा दुवा : 'आरक्षण करा' या दुव्यावर टिचकी मारल्यावर अभ्यागत पुरवठादाराच्या पानावर जातो. मूळ पानावर कोणताही अतिरिक्त भार पडत नाही. अभ्यागत संकेतस्थळाबाहेर जातो आणि पत्त्याच्या पट्टीत वेगळे नाव दिसते, हा या पद्धतीचा तोटा होय.
* आयफ्रेम : पुरवठादाराचे पान चौकटीत दिसते. त्याची शैली व स्क्रिप्ट मूळ पानापासून अलग राहतात. मात्र चौकटीतील पूर्ण पान उतरवून घ्यावे लागते. आयफ्रेम लगेच उतरवली जात असल्यास मूळ पानाची 'लोड' ही घटनाही ती पूर्ण होईपर्यंत लांबते.
* जावास्क्रिप्ट विजेट : पुरवठादाराची स्क्रिप्ट मूळ पानातच चालते आणि दिनदर्शिका, अर्ज व बटणे तयार करते. दिसण्यात ही पद्धत एकजीव वाटते. मात्र मूळ पानाच्या कामात तिचा सर्वाधिक हस्तक्षेप होतो.
* आशय व्यवस्थापन प्रणालीचे प्लगइन : वर्डप्रेससारख्या प्रणालीत प्लगइन बसवले जाते. येथे भार ब्राउझरइतकाच संकेतस्थळाच्या सर्व्हरवर व विदागारावरही पडतो.
* सर्व्हरद्वारे एकात्मीकरण : संकेतस्थळाचा सर्व्हर पुरवठादाराच्या एपीआयकडून माहिती घेतो आणि तयार पान अभ्यागताला पाठवतो. ब्राउझरवरील भार कमी राहतो, परंतु विकास व देखभाल यांचा खर्च वाढतो.

## वेग मंदावण्याची कारणे

### नव्या जोडण्यांचा खर्च

ब्राउझरला प्रत्येक नव्या डोमेनशी बोलण्यापूर्वी त्याचा पत्ता शोधावा लागतो, जोडणी प्रस्थापित करावी लागते आणि ती कूटबद्ध करावी लागते. या प्रत्येक टप्प्यासाठी संदेशाची किमान एक फेरी होते. वेगवान तारजोडणीवर या फेऱ्या जाणवत नाहीत. मोबाइल जाळ्यावर मात्र त्यांचा एकत्रित विलंब लक्षात येण्याइतका असतो. साधनाची मुख्य स्क्रिप्ट एका डोमेनवर, चित्रे दुसऱ्यावर आणि टंक तिसऱ्यावर असल्यास हा खर्च तितक्याच वेळा करावा लागतो.

### साखळी

पानात जोडलेली पहिली स्क्रिप्ट पुष्कळदा केवळ आरंभक असते. ती उतरून चालल्यावर दुसरी स्क्रिप्ट मागवते, दुसरी उपलब्ध तारखांची माहिती मागवते आणि त्यानंतर दिनदर्शिका रंगवली जाते. पुढच्या कडीची गरज मागची कडी पूर्ण झाल्याशिवाय ब्राउझरला कळत नसल्याने ही कामे समांतर होऊ शकत नाहीत.

### मुख्य धाग्यावरील भार

जावास्क्रिप्ट चालवणे, पानाची मांडणी ठरवणे आणि टिचकीला प्रतिसाद देणे ही कामे ब्राउझर प्रामुख्याने एकाच धाग्यावर करतो; त्यास मुख्य धागा असे म्हणतात. ५० मिलिसेकंदांहून अधिक काळ हा धागा अडवणाऱ्या कामास 'दीर्घ कार्य' मानले जाते. तितक्याच आकाराच्या चित्रापेक्षा जावास्क्रिप्ट महाग पडते. कारण ती उतरवल्यानंतर उलगडावी, तपासावी आणि चालवावी लागते. हा खर्च जाळ्याच्या वेगावर नव्हे, तर उपकरणाच्या प्रक्रियकावर अवलंबून असतो. त्यामुळे विकासकाच्या संगणकावर न जाणवणारी स्क्रिप्ट स्वस्त मोबाइलवर पान गोठवू शकते.

### मांडणी सरकणे

साधनासाठी पानात जागा राखलेली नसेल, तर ते उशिरा उमटल्यावर खालचा मजकूर अचानक खाली ढकलला जातो. वाचणाऱ्याची ओळ हरवते. एका बटणावर ठेवलेले बोट दुसऱ्यावर पडते. आरक्षणाच्या पानावर याचा परिणाम चुकीची तारीख निवडली जाण्यातही होऊ शकतो.

### एका ठिकाणी अडणे

पानाच्या शीर्षभागात सामान्य रीतीने जोडलेली स्क्रिप्ट उतरून चालेपर्यंत ब्राउझर पुढील मजकूर उभारत नाही. पुरवठादाराचा सर्व्हर प्रतिसादच देईनासा झाला, तर त्या स्क्रिप्टची वाट पाहत संपूर्ण पान बराच काळ कोरे राहू शकते. संकेतस्थळाचा स्वतःचा सर्व्हर सुरळीत असूनही संकेतस्थळ बंद पडल्यासारखे दिसते. वेबच्या कार्यक्षमतेचे अभ्यासक स्टीव्ह साउडर्स यांनी २०१० च्या सुमारास या धोक्याकडे विशेष लक्ष वेधले.

### सामायिक कॅशेचा गैरसमज

'हे साधन हजारो संकेतस्थळांवर असल्याने अभ्यागताच्या ब्राउझरमध्ये ते आधीच साठवलेले असेल' हा युक्तिवाद आज लागू पडत नाही. गोपनीयतेच्या कारणास्तव सफारी (२०१३), क्रोम (२०२०) आणि फायरफॉक्स (२०२१) यांनी तात्पुरती साठवण, म्हणजे कॅशे, संकेतस्थळानुसार विभागली. त्यामुळे एका संकेतस्थळावर उतरवलेली फाइल दुसऱ्यावर पुन्हा उतरवावी लागते.

### सर्व्हरवरील परिणाम

प्लगइन पद्धतीत आणखी एक अडचण उद्भवते. काही प्लगइन प्रत्येक अभ्यागतासाठी सत्र सुरू करून कुकी ठेवतात. अशा कुकीमुळे तयार पान कॅशेतून देणारी यंत्रणा बाजूला पडू शकते आणि प्रत्येक पान विदागारातून नव्याने घडवले जाते. याउलट, अर्ज असलेले पान कॅशेत फार काळ ठेवल्यास वेगळाच बिघाड होतो. वर्डप्रेसमध्ये अर्जाच्या सुरक्षेसाठी वापरले जाणारे 'नॉन्स' हे चिन्ह जास्तीत जास्त २४ तास वैध असते. पान त्याहून जुने असल्यास अर्ज दिसतो, भरताही येतो, परंतु स्वीकारला जात नाही.

## मोजमाप

प्रतिसादाच्या वेळेविषयी जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या तीन मर्यादा आजही उद्धृत केल्या जातात : ०.१ सेकंदापर्यंतचा प्रतिसाद तात्काळ वाटतो, १ सेकंदापर्यंत विचारांची सलगता टिकते आणि १० सेकंदांनंतर लक्ष विचलित होते.

गूगलने २०२० मध्ये 'कोअर वेब व्हायटल्स' हे निर्देशांक जाहीर केले. त्यांतील सध्याचे तीन निर्देशांक पुढीलप्रमाणे आहेत :

* एलसीपी : पडद्यावरील सर्वांत मोठे चित्र किंवा मजकुराचा सर्वांत मोठा भाग दिसण्यास लागणारा वेळ. २.५ सेकंदांपर्यंत चांगला, ४ सेकंदांहून अधिक असल्यास वाईट.
* आयएनपी : टिचकी, स्पर्श किंवा कळ दाबल्यापासून पडद्यावर पुढचा बदल दिसेपर्यंतचा वेळ. २०० मिलिसेकंदांपर्यंत चांगला, ५०० मिलिसेकंदांहून अधिक असल्यास वाईट. मार्च २०२४ मध्ये याने एफआयडी या जुन्या निर्देशांकाची जागा घेतली.
* सीएलएस : मांडणी अनपेक्षितपणे किती सरकते याचे एककविरहित माप. ०.१ पर्यंत चांगले, ०.२५ हून अधिक असल्यास वाईट.

हे निर्देशांक सरासरीवर नव्हे, तर ७५ व्या शततमकावर तपासले जातात. म्हणजे किमान तीन चतुर्थांश भेटींमध्ये अनुभव चांगला असणे अपेक्षित असते. २०२१ पासून गूगल शोधाच्या क्रमवारीत त्यांचा विचार होतो. तथापि आशयाची समर्पकता हा घटक त्याहून महत्त्वाचा मानला जातो.

साधनाचा नेमका परिणाम जाणून घेण्यासाठी तुलनात्मक चाचणी केली जाते. 'लाइटहाउस' व 'वेबपेजटेस्ट' यांसारख्या साधनांत किंवा ब्राउझरच्या विकासक-पटलात पुरवठादाराच्या डोमेनकडे जाणाऱ्या विनंत्या रोखून पान तपासतात आणि नंतर त्या खुल्या ठेवून तीच चाचणी पुन्हा करतात. दोन निकालांतील फरक हा साधनाचा भार होय. एकाच चाचणीत चढउतार संभवत असल्याने ती अनेकदा करून मध्यक घेणे इष्ट असते.

प्रयोगशाळेतील चाचणी आणि प्रत्यक्ष वापरातील नोंदी यांत तफावत पडू शकते. क्रोमच्या सार्वजनिक वापर-अहवालात आयफ्रेममधील स्पर्श व टिचक्याही धरल्या जातात, कारण अभ्यागताच्या दृष्टीने ती चौकट पानाचाच भाग असते. पानात बसवलेल्या मोजमापाच्या स्क्रिप्टला मात्र परक्या डोमेनच्या आयफ्रेममध्ये डोकावता येत नाही. त्यामुळे संकेतस्थळचालकाच्या नोंदीत सारे सुरळीत दिसत असताना सार्वजनिक अहवालात आयएनपी वाईट असू शकतो. कमी वर्दळीच्या संकेतस्थळांसाठी तर हा अहवाल पुरेशा विदेअभावी उपलब्धच नसतो. त्यांना प्रत्यक्ष साध्या मोबाइलवर, मोबाइल जाळ्यावरून चाचणी घेणे हाच विश्वासार्ह मार्ग उरतो.

## उदाहरणादाखल आकडेमोड

लाइटहाउसच्या मोबाइल चाचणीत जाळ्याचा वेग १.६ मेगाबिट प्रतिसेकंद आणि संदेशाच्या एका फेरीस १५० मिलिसेकंद असे गृहीत धरले जाते. एखाद्या आरक्षण साधनाची संकुचित स्वरूपातील फाइल ४०० किलोबाइटची आहे, असे मानल्यास हिशेब पुढीलप्रमाणे होतो.

पत्ता शोधणे, जोडणी आणि कूटबद्धीकरण यांच्या तीन फेऱ्यांना ४५० मिलिसेकंद लागतात. विनंती पाठवून पहिला बाइट येण्यास आणखी १५० मिलिसेकंद, म्हणजे एकूण ०.६ सेकंद. ४०० किलोबाइट म्हणजे ३.२ मेगाबिट, ते उतरवण्यास २ सेकंद. एकूण वेळ २.६ सेकंद होतो. साखळीमुळे दुसऱ्या डोमेनकडे जावे लागल्यास आणखी ०.६ सेकंद वाढून तो ३.२ सेकंदांवर जातो. स्क्रिप्ट चालवण्याचा वेळ यात धरलेला नाही.

साधन पानाच्या इतर घटकांबरोबरच उतरत असल्यास मर्यादित वेगाची विभागणी होते आणि पानाचे मुख्य चित्रही उशिरा येते. अशा स्थितीत एलसीपीची २.५ सेकंदांची मर्यादा ओलांडली जाण्याची शक्यता मोठी असते. हेच साधन बटण दाबल्यावर आणल्यास केवळ माहिती वाचण्यास आलेल्या अभ्यागताला यांपैकी कोणताही विलंब सोसावा लागत नाही.

## वेग टिकवण्याचे उपाय

### आवश्यक त्याच पानावर साधन ठेवणे

साधन प्रत्येक पानाच्या सामायिक साच्यात न घालता केवळ आरक्षणाच्या पानावर ठेवणे हा सर्वांत सोपा आणि सहसा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. इतर पानांवर त्या पानाकडे नेणारा साधा दुवा पुरतो. अनेक प्लगइन आपली शैलीपत्रके व स्क्रिप्ट सर्व पानांवर जोडतात. त्यांना ठरावीक पानांपुरते मर्यादित करावे लागते.

### दर्शनी बटण

या पद्धतीत प्रारंभी साधनाऐवजी त्याच्यासारखे दिसणारे हलके बटण किंवा चित्र दाखवले जाते. अभ्यागताने त्यावर टिचकी मारल्यावर खरे साधन उतरवले जाते. दृक्श्राव्य फितींच्या बाबतीत ही पद्धत प्रथम रूढ झाली. आरक्षणासाठी ती वापरताना बटण हा प्रत्यक्षात पुरवठादाराच्या आरक्षण पानाकडे जाणारा खरा दुवा असावा आणि जावास्क्रिप्टने त्यावर केवळ अधिकची सोय चढवावी, अशी शिफारस केली जाते. तसे केल्यास स्क्रिप्ट अडली, रोखली गेली किंवा अर्धवट उतरली, तरी आरक्षण करता येते.

### विलंबित उतरण

आयफ्रेमच्या 'लोडिंग' या गुणधर्माला 'लेझी' हे मूल्य दिल्यास, चौकट पडद्याच्या जवळ येईपर्यंत ब्राउझर ती उतरवत नाही. क्रोममध्ये ही सोय २०१९ पासून आहे. सफारी व फायरफॉक्समध्ये ती २०२३ मध्ये आली. साधन पानाच्या तळाशी असल्यास याचा लाभ होतो. साधन पहिल्याच पडद्यावर असल्यास ते लगेच उतरवले जाते आणि या गुणधर्माचा उपयोग होत नाही.

### स्क्रिप्टचा क्रम

'अ‍ॅसिंक' हा गुणधर्म दिलेली स्क्रिप्ट पानाच्या उभारणीबरोबर समांतर उतरते, मात्र उतरताक्षणी चालते आणि त्यामुळे उभारणीत मध्येच व्यत्यय आणू शकते. 'डिफर' दिलेली स्क्रिप्ट पान वाचून झाल्यावर आणि मूळ क्रमानेच चालते. आरक्षण साधनासाठी सामान्यतः 'डिफर' अधिक सुरक्षित ठरते. पुरवठादाराचा सर्व्हर बंद पडल्यास संपूर्ण पान कोरे राहण्याचा धोका दोन्ही गुणधर्मांमुळे टळतो. स्क्रिप्टचा आकार व ती चालवण्याचा खर्च मात्र कमी होत नाही.

### पूर्वजोडणी

'प्रीकनेक्ट' या सूचनेमुळे ब्राउझर पुरवठादाराच्या डोमेनशी आधीच जोडणी करून ठेवतो. वरील उदाहरणात त्यामुळे ४५० मिलिसेकंद वाचतात. ही जोडणी थोड्या अवधीत वापरली न गेल्यास बंद होते आणि केलेले काम वाया जाते. म्हणून सर्व पानांवर सूचना देण्यापेक्षा आरक्षणाचे बटण पडद्यावर दिसू लागताच ती देणे उचित ठरते. जोडणीऐवजी केवळ पत्ता शोधून ठेवणारी 'डीएनएस-प्रीफेच' ही सूचना त्याहून स्वस्त आहे.

### जागा राखून ठेवणे

साधनाच्या चौकटीस आधीच किमान उंची ठरवून दिल्यास मांडणी सरकत नाही. अभ्यागताच्या कृतीनंतर ५०० मिलिसेकंदांच्या आत झालेला बदल सीएलएसमध्ये मोजला जात नाही. बटण दाबताच रिकामी चौकट उघडून तिची जागा निश्चित केली, तर साधन पुढे उशिरा उतरले तरी मजकूर हलत नाही. बटण दाबूनही काही काळ काहीच घडले नाही आणि नंतर एकदम साधन उमटले, तर तो बदल अनपेक्षित म्हणून मोजला जातो.

### उपलब्धतेची माहिती साठवणे

सर्व्हरद्वारे एकात्मीकरणात रिकाम्या तारखांची माहिती अल्पकाळ कॅशेत ठेवता येते. पान त्यामुळे लवकर तयार होते. मात्र साठवलेली माहिती शिळी असू शकते आणि तीच अंतिम मानल्यास एकच खोली दोघांना दिली जाण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून दिनदर्शिका साठवलेल्या माहितीवरून दाखवावी आणि अंतिम निश्चितीच्या वेळी उपलब्धता पुन्हा थेट तपासावी, अशी विभागणी केली जाते.

### निर्बंध आणि नियमित तपासणी

पानाचा एकूण आकार, स्क्रिप्टचा आकार किंवा एलसीपी यांसाठी आधीच कमाल मर्यादा ठरवण्याच्या पद्धतीस 'कार्यक्षमतेचे अंदाजपत्रक' असे म्हणतात. त्रयस्थ साधनांच्या बाबतीत ते विशेष आवश्यक ठरते. कारण पुरवठादार आपली स्क्रिप्ट संकेतस्थळचालकाला न कळवता बदलू शकतो. साधन बसवले त्या दिवशी केलेली चाचणी सहा महिन्यांनी खरी असेलच असे नाही. वापरात नसलेल्या जुन्या साधनाची स्क्रिप्ट काढून टाकणे हाही या तपासणीचा भाग आहे. पुरवठादार बदलल्यावर नवी स्क्रिप्ट जोडली जाते, पण जुनी तशीच राहते, असे पुष्कळदा आढळते.

## व्यावसायिक परिणाम

वेग आणि विक्री यांचा संबंध काही कंपन्यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांतून दिसून येतो. व्होडाफोनने इटलीतील आपल्या एका पानाच्या दोन आवृत्त्यांची तुलना केली असता, एलसीपी ३१ टक्क्यांनी सुधारलेल्या आवृत्तीवर विक्री ८ टक्क्यांनी अधिक झाली. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. रेडबसने आयएनपी सुधारल्यानंतर विक्रीत ७ टक्के वाढ झाल्याचे २०२३ मध्ये नमूद केले. ही उदाहरणे मोठ्या कंपन्यांची असून त्यांतील टक्केवारी लहान संकेतस्थळांना जशीच्या तशी लागू करता येत नाही.

लहान व्यवसायाच्या दृष्टीने प्रश्नाची दुसरी बाजूही महत्त्वाची आहे. आरक्षण साधनामुळे रात्री-अपरात्री आरक्षण स्वीकारता येते, दूरध्वनीवरील वेळ वाचतो आणि दुहेरी आरक्षणाची चूक टळते. त्यामुळे वेगासाठी साधनच काढून टाकणे हा सहसा व्यवहार्य पर्याय नसतो. साधनाचा लाभ कायम ठेवून त्याचा भार योग्य क्षणापर्यंत पुढे ढकलणे हे उद्दिष्ट असते.

## सुगम्यता

मंद संकेतस्थळाचा त्रास सर्वांना सारखा होत नाही. नवा मोबाइल आणि चांगले जाळे असलेल्या अभ्यागताला जे साधन क्षणार्धात दिसते, तेच जुना मोबाइल व क्षीण जाळे असलेल्या अभ्यागताकडे पोहोचतच नाही. असा अभ्यागत तक्रार न करता निघून जातो. मोजमापाची स्क्रिप्टही उतरली नसेल, तर त्याची भेट नोंदीतही येत नाही. म्हणून साधनाच्या शेजारी दूरध्वनी क्रमांक व पत्ता साध्या मजकुरात देणे उपयुक्त मानले जाते.

दर्शनी बटण कळफलकावरून वापरता येणे, आयफ्रेमला अर्थपूर्ण शीर्षक असणे आणि साधन उघडल्यावर लक्षकेंद्र त्याकडे जाणे या गोष्टी पडदावाचक वापरणाऱ्या दृष्टिहीन अभ्यागतांसाठी आवश्यक आहेत. केवळ चित्रावर टिचकीची सोय जोडल्यास पान वेगवान होते, पण या अभ्यागतांसाठी आरक्षणाचा मार्ग बंद होतो.

## सुरक्षा आणि गोपनीयता

मूळ पानात चालणाऱ्या त्रयस्थ स्क्रिप्टला त्या पानातील अर्जांत भरलेली माहिती वाचता येते. २०१८ मध्ये तिकीटमास्टरच्या ब्रिटनमधील देयक पानावर असलेल्या एका त्रयस्थ संवाद-साधनाच्या स्क्रिप्टमध्ये फेरफार करून ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरली गेली. या प्रकरणी ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये तिकीटमास्टरच्या ब्रिटनमधील कंपनीला १२.५ लाख पौंडांचा दंड ठोठावला. स्क्रिप्ट दुसऱ्याची असली, तरी ती आपल्या पानावर चालवण्याची जबाबदारी संकेतस्थळचालकाचीच असते, ही बाब या निर्णयाने अधोरेखित झाली. परक्या डोमेनची आयफ्रेम मूळ पानापासून अलग असल्याने या दृष्टीने अधिक सुरक्षित मानली जाते. भारतात वैयक्तिक माहितीच्या हाताळणीसाठी २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम संमत झाला.

साधन मागणीनंतरच उतरवण्याचा येथेही लाभ होतो. ज्या अभ्यागताने आरक्षण मागितलेले नाही, त्याचा आयपी पत्ता व कुकी पुरवठादाराकडे पोहोचत नाहीत.

## मर्यादा

साधन पुढे ढकलल्याने त्याचा खर्च नाहीसा होत नाही, तर तो बटण दाबणाऱ्या अभ्यागतावर येतो. हा अभ्यागत आरक्षणाच्या निर्णयापर्यंत पोहोचलेला असल्याने त्याला थांबवणे व्यावसायिकदृष्ट्या सर्वांत महाग पडू शकते. ज्या पानावर बहुतेक जण आरक्षणासाठीच येतात, तेथे दर्शनी बटण म्हणजे एक जादा टिचकी ठरते. अशा पानावर साधन लगेच उतरवणे आणि इतर घटक हलके ठेवणे योग्य होय.

पुरवठादाराच्या फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवल्यास जोडण्यांचा खर्च वाचतो. परंतु पुरवठादाराने एपीआय बदलल्यास जुनी प्रत निकामी होते आणि सुरक्षाविषयक सुधारणाही मिळत नाहीत. काही पुरवठादारांच्या अटींनुसार असे करण्यास मनाईही असते. साधनाच्या अंतर्गत रचनेवर संकेतस्थळचालकाचे नियंत्रण नसल्याने, एका मर्यादेपलीकडे सुधारणा पुरवठादारालाच करावी लागते. म्हणून साधन निवडतानाच त्याचा आकार, विनंत्यांची संख्या आणि साध्या दुव्याचा पर्याय तपासणे हे नंतरच्या सर्व उपायांपेक्षा स्वस्त ठरते.

## हे सुद्धा पहा

* जावास्क्रिप्ट
* वेब ब्राउझर
* वर्डप्रेस
* आयआरसीटीसी
* वेब सुगम्यता